गच्चीवर तिला मीच नेलं होतं

डॉक्टरांनी एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. "हे बघा, इथे. खुब्यातलं हाड मोडलंय आणि जागेवरून सरकलंय. ऑपरेशन करावं लागेल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पडल्या कशा?"

मी म्हणालो, "काय सांगू सर, ऐकतच नाही ती. नको नको म्हटलं तरी गच्चीवर जाळापाशी जाऊन बसली."

"आधी कधी चक्कर वगैरे यायची का?"

"नाही."

ही दोन्ही उत्तरं खोटी होती. आई शेजारीच स्ट्रेचरवर होती आणि पूर्ण शुद्धीवर होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

आज माझी आई काठी घेऊन घरभर फिरते, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण त्या दोन उत्तरांमुळे तिचे कितीतरी आठवडे अंथरुणात गेले. घरात म्हातारं माणूस पडलं की "ऐकत नाही" हे वाक्य आपल्या तोंडात तयारच असतं. ते बोलण्याआधी थोडं थांबावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

जानेवारीतला रविवार होता. जळगावात थंडी पडली की घरोघरी भरिताचे बेत ठरतात. मोठाली हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे आम्ही बाहेरगावच्या माणसाला सांगितल्याशिवाय राहत नाही. माझ्या कॉलेजचे दोन मित्र कुटुंबासह पुण्याहून येणार होते. "आमच्या आईच्या हातचं भरीत खाऊन बघा," असं मी त्यांना फोनवर दहा वेळा ऐकवलं होतं.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. माहेर साक्रीकडचं. इतकी वर्षं जळगावात राहूनही ती घरात अहिराणीच बोलते, आम्ही मराठीत उत्तर देतो. त्या सकाळी वांग्यांना तेल लावता लावता ती म्हणाली, "आज तू भाज ना भो. वाकीसन उठनू की माले गरगरस."

वाकून उठलं की गरगरतं, हे ती दुसऱ्यांदा सांगत होती. पहिल्यांदा दिवाळीनंतर सांगितलं होतं. तेव्हा नुकतीच तिच्या रक्तदाबाच्या गोळीला आणखी एक गोळी जोडली गेली होती, लघवीवाटे पाणी काढणारी. मी तेव्हा म्हणालो होतो, "उपास फार करतेस, म्हणून होतं." आणि विसरून गेलो होतो.

या वेळी म्हणालो, "अर्ध्या तासाचं तर काम आहे, माय. आणि मी आहे ना."

एवढ्यावर थांबलो नाही. ती रोजच्या सुती साडीत होती. "दिवाळीची नेस ना, फोटो निघतील," असं मीच म्हटलं. ती सिंथेटिक, झुळझुळीत साडी होती. जाळाजवळ ही कशी, म्हणून आईनं विचारलं, "जाळपा ही?" मी हसलो. ती साडी बदलून आली.

गच्चीच्या जिन्याला आमच्याकडे एकाच बाजूला कठडा होता, तोही अर्ध्यापर्यंत. ती भिंतीला हात लावत वर चढली. पुढचं पंधरा मिनिटांत घडलं. मी मित्रांना घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो, कुठली डाळमिल कुठे ते दाखवत. आई पाटावर बसून चिमट्यानं वांगी फिरवत होती. मित्राची बायको मोबाइलवर तिचं चित्रण करत होती. काड्यांची शेवटची जुडी घ्यायला आई उठली आणि डोलली. पदर निसटून निखाऱ्यावर गेला. सुती कापड पेटलं की ज्वाळा दिसते. हे कापड वितळत वितळत वर चढत गेलं. ती दचकून मागे सरली, पसरलेल्या काड्यांवर टाच घसरली आणि उजव्या कुशीवर आदळली.

वांगी धुवायला आणलेल्या पाण्याची बादली तिथे होती म्हणून निभावलं. मित्रानं ती तिच्या अंगावर ओतली. मी काय केलं? खाली पळालो, टूथपेस्ट आणली आणि तिच्या भाजलेल्या हातावर चोपडली. मग आम्ही दोघांनी तिला बगलेत धरून उभं करायचा प्रयत्न केला. ती जशी ओरडली तसं ओरडताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली आणलं.

दवाखान्यात सिस्टरनं आधी ती टूथपेस्ट धुऊन काढली. आई ओठ चावत होती. सिस्टर म्हणाल्या, "भाजल्यावर साधं नळाचं पाणी सोडत राहायचं, वीस मिनिटं तरी. पेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. आणि पडलेल्या माणसाला ओढून उभं करायचं नाही. पाय हलू न देता गाडी बोलवायची." मी मान हलवत राहिलो. हाताचं भाजणं वरवरचं निघालं, कोपराखाली तळव्याएवढं. खरा प्रश्न पायाचा होता.

कागदावर लिहिलं होतं, नेक ऑफ फीमर फ्रॅक्चर. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत बसतो. गोळा आणि हाड यांना जोडणारी जी बारीक मान, ती मोडली होती. या वयात ती मान सहसा जुळत नाही, कारण गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो. म्हणून हेमीआर्थ्रोप्लास्टी, म्हणजे मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा गोळा बसवायचा. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. लवकर ऑपरेशन आणि लवकर उभं करणं, ही दोन औषधं. झोपून राहिल्या तर फुप्फुसं बिघडतात, पाठीला जखमा होतात. आपल्याला त्यांना चालवायचंय."

रक्त तपासलं, ईसीजी काढला, हृदयाचा टू-डी इको झाला. बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहताना ज्योती, माझी बायको, हळूच म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांना असं का सांगितलं?"

"नंतर बोलू."

"आईंनी ऐकलंय ते."

"म्हटलं ना, नंतर बोलू."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर केला होता. आई बाहेर आली ती पाणी मागत. तोपर्यंत धुळ्याहून माझी मोठी बहीण, अक्का, येऊन पोहोचली होती. आईच्या कपाळावरून हात फिरवत ती रडली आणि रडता रडताच रागावली. "पंचाहत्तरीला आलीस माय, तरी हौस जात नाही तुझी! कोणाचं ऐकायचंच नाही का?"

अक्काला हे मीच फोनवर सांगितलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलला. शेजारच्या काकू, माझे चुलत भाऊ, ज्योतीच्या माहेरची माणसं. कोणी प्रेमानं, कोणी थट्टेनं. "आता तरी ऐकत जा पोराचं, आजी." आई सगळ्यांना मान हलवून होकार द्यायची. मी सगळ्यांना चहा आणून द्यायचो.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या. वयानं लहान, पण कामात पक्क्या. वॉकर कसा धरायचा, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, हे त्यांनी समजावलं. आईनं पलंगाला धरून जोर केला, उभी राहिली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कपाळावर घाम आला. ती मटकन खाली बसली.

"आजी, भीती वाटते का?" त्यांनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हां."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. भीती नाही, तिला उठल्यावर गरगरतं, दिवाळीपासून. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग पहिल्या दिवशी 'नाही' असं का म्हणालात? मी उशी नीट केली. रक्त कमी होतं, त्याची बाटली चढवली. अशक्तपणा आहे, हळूहळू होईल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

टाके निघाल्यावर अक्का तिला धुळ्याला घेऊन गेली. अक्काकडे सगळं तळमजल्यावर, संडासही कमोडचा. आमच्याकडे मागच्या दाराला पायरी, न्हाणीघरात गुळगुळीत फरशी. कारण पटण्यासारखं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. आता तिची नजर रोज समोर येणार नव्हती.

मग मी घर दुरुस्त करायला घेतलं. झपाटल्यासारखा लागलो. इतकी वर्षं त्या घरात राहत होतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या उंचीवरून ते कधी पाहिलंच नव्हतं. आईनंच जुन्या साड्यांच्या चिंध्यांची विणलेली पायपुसणी दारोदारी होती. पाय अडकायला तेवढं पुरे. ती गुंडाळून ठेवली. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बोळात ड्रम मांडलेले असायचे आणि तिथली फरशी कायम ओली. ड्रम बाहेर ओट्यावर नेले. मोबाइलच्या चार्जरची वायर पलंगावरून दारापर्यंत लोंबायची, ती भिंतीला ठोकली. तिच्या झिजलेल्या स्लिपर टाकून मागे पट्टा असलेल्या, खरखरीत तळाच्या चपला आणल्या. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारे छोटे दिवे लावले. जिन्याला दोन्ही बाजूंनी वरपर्यंत कठडा केला.

आगीचंही तसंच. देवघरातलं निरंजन पडद्याला जवळजवळ चिकटून होतं. पडदा काढला आणि दिव्यावर काचेची चिमणी ठेवली. अंघोळीचं पाणी आम्ही बादलीत हीटरचा रॉड सोडून तापवायचो. आई कितीदा तो बंद करायला वाकायची. तो भंगारात दिला. गॅसपाशी आता कोणीही सिंथेटिक कापड घालून उभं राहत नाही, ज्योतीसुद्धा नाही. ओट्याच्या वर असलेले डबे खाली आणले, कारण पेटत्या शेगडीवरून हात नेताना पदर पडतो. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जाड सुती चादर कायम टांगलेली असते. कपडे पेटले तर पळायचं नाही, पळालं की ज्वाळा वाढते. जमिनीवर लोळायचं. ज्याला लोळणं जमत नाही त्याला त्या चादरीत गुंडाळायचं आणि पाणी ओतायचं. हे आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष करून पाहिलं. ज्योतीला मी चादरीत गुंडाळलं तेव्हा ती म्हणाली, "घर आहे की अग्निशामक दल?"

न्हाणीघरात खरखरीत फरशी घातली, तिथे आणि संडासात स्टीलचे दांडे बसवले. टॉवेलच्या दांडीवर विसंबू नका, ती माणसाचं वजन घेत नाही. मोठ्या अभिमानानं मी व्हिडिओ कॉलवर आईला ते दाखवले. ते बघून ती म्हणाली, "इतला दांडा? सर्कस शे का?" खूप दिवसांनी ती काहीतरी बोलली म्हणून मी हसलो. मग म्हणाली, "उजवा हात माना भाजेल शे. दांडा उजवीकडेच कसा काय?"

बरोबर होतं. उजव्या हाताची कातडी अजून ओढली जात होती, ती सगळा जोर डाव्या हातानं करायची. दांडा कुठल्या हाताला हवा, हे मी तिला विचारलंच नव्हतं. भिंतीला पुन्हा भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. आवाज उतरलेला. "अरे, माय उभीच राहत नाही. धरून उठवलं की पांढरी पडते, बसते. डॉक्टर म्हणतात मनाची भीती. आणि काल काय केलं माहीत आहे? संडासला लागली तरी कोणाला हाक मारली नाही. अंथरुणातच. मी म्हटलं, सांगायचं नाही का? तर म्हणते, 'मी आते कोनले काय सांगाऊ नही.'"

मी आता कोणाला काही सांगणार नाही, असं आई म्हणाली होती. फोन ठेवल्यावर मी नवीन फरशीवर बसून राहिलो. दांडे, दिवे, चादर, सगळं जागच्या जागी होतं, आणि ते जिच्यासाठी केलं ती आपल्या अंगातलं काही कुणाला सांगायला तयार नव्हती. सांगून काय होतं, हे तिला मीच दाखवलं होतं.

संध्याकाळी मी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर बरीच गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. दिवाळीनंतरची गोळी, दोनदा तिनं केलेली तक्रार, साडी, गच्ची, आणि त्यांना दिलेली उत्तरं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर फार बरं झालं असतं. पण अजून उशीर झालेला नाही. आज सांगितलंत, चांगलं केलंत."

मग त्यांनी समजावलं. याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. झोपलेलं, बसलेलं किंवा वाकलेलं माणूस उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. शरीर लगेच सावरून घेतं. वयामुळे किंवा काही गोळ्यांमुळे ते सावरणं मंदावतं, रक्तदाब एकदम खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं असताना मोजला तर रक्तदाब अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून तो आधी झोपवून आणि मग उभं करून, असा दोनदा मोजायचा. त्यांनी धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. तिथे तसा मोजला आणि फरक लगेच दिसला. गोळ्या बदलल्या. मनानं गोळी कमी-जास्त करू नका, हे मुद्दाम लिहितो. चक्कर येते एवढं डॉक्टरांना सांगा, बाकी ते बघतील. उठतानाही आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खालीवर हलवायचे, मग दांडा धरून उभं राहायचं. हाडांची डेक्सा तपासणी झाली, हाडं ठिसूळ निघाली, त्याचंही औषध सुरू झालं.

आठवडाभरात आईचं गरगरणं कमी झालं. पण चालणं सुरू झालं नाही. फिजिओथेरपीच्या वेळेला ती सांगितलं तेवढं करायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. डॉक्टरांचं काम झालं होतं. उरलेलं माझं होतं.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण ज्यांच्या घरी आज कोणी असं पडून आहे त्यांना ते हवं असतं. गुढीपाडव्याच्या आधी आई वॉकर घेऊन जळगावला परत आली. उन्हाळ्यात वॉकर सुटला, काठी आली. आता काय दुखतं, काय हवं, हे ती स्पष्ट सांगते, जरा जास्तच सांगते. या थंडीत वांगी मी भाजली, सुती शर्ट घालून, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून, खाली अंगणात. ती खुर्चीवर बसून मला नावं ठेवत होती.

पण त्याआधी तो दिवस. मी सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो. अक्काच्या पुढच्या खोलीत आईला पलंगावर टेकवून बसवलं होतं. साक्रीहून माझे मामा, तिचे धाकटे भाऊ, भेटायला आले होते. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बोलतात तेही गल्लीत ऐकू जाईल असं. शेजारच्या दोघी बायकाही बसल्या होत्या. अक्का चहा घेऊन आली.

मामा आईला म्हणत होते, "काय बाई! ह्या वयमा धाबावर चढाले तुले कोनी सांगं व्हतं?"

गच्चीवर चढायला कोणी सांगितलं होतं, यावर बायका हसल्या. आई नेहमीसारखी मान हलवायला लागली.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

मामांना ऐकू गेलं नाही. ते बशीत चहा ओतत होते. अक्का मात्र थांबली.

मी आईजवळ जाऊन बसलो. "माय, तू मला दोनदा सांगितलं होतंस, गरगरतं म्हणून. मी ऐकलं नाही. वर मीच नेलं तुला. ती साडीही मीच नेसायला लावली. आणि दवाखान्यात तुझ्यासमोर तुझ्यावर ढकललं. अक्काशी, सगळ्यांशी खोटं बोललो. तू सगळं ऐकत होतीस आणि मला सांभाळत राहिलीस. चूक माझी आहे. माफ कर मला."

अक्काच्या हातात ट्रे तसाच होता. आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, जाऊ दे म्हणेल. आजवर माझ्या प्रत्येक चुकीला ती तेच म्हणत आली होती.

तिनं भाजलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, त्याचा आधार घेत पलंगावर सरळ होऊन बसली आणि पाय खाली सोडले.

"आखो एकदा सांग," ती म्हणाली. "जोरमा. तुन्हा मामाले कमी आयकू येस."

मी मामांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं, पहिल्यापासून, पुन्हा सगळं सांगितलं.